पान नंबर बारा

शनिवार-रविवारच्या पटकथेच्या वर्गाला यंदा कुठलं पुस्तक लावायचं, हा प्रश्न तीन आठवडे डोक्यात आहे. आठवडाभर कोड लिहिणाऱ्या माणसाने पटकथा शिकवावीच का, हा वेगळा प्रश्न. तो बायको विचारते.

गेल्या वर्षी ब्लेक स्नायडरचं 'सेव्ह द कॅट' (२००५) लावलं होतं. आमच्या जमातीला ते आवडणारच हो! ११० पानांची पटकथा, १५ बीट्स, पान १२ वर नायकाचं आयुष्य हलवणारी घटना, पान ५५ ला मध्य. थेट रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. परिणाम असा, की चौदा जणांनी पटकथा आणल्या आणि बहुतेकांच्या पान १२ वर कोणाला तरी फोन आला. मीच शिकवलेलं, ओरडणार कोणावर?

त्यात बार्शीकडची एक मुलगी होती, मराठी माध्यमातली. सामाईक विहीर, मोटारीची पाळी, आणि दोन भावांचं बोलणं बंद, अशी तिची गोष्ट. वहीत चार पानं लिहून आणलेली. वाचून मी गप्पच झालो. मग शहाणपणा केला : "यात कॅटलिस्ट कुठाय?" ती पुस्तक घरी घेऊन गेली, आणि तिसऱ्या रविवारी आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "सर, माझ्या गोष्टीत पान बारा सापडेना."

म्हणून यंदा कपाट उपसलं. सिड फील्ड (१९७९) म्हणजे या धंद्यातला मूळ पुरुष, पण हिशेब सगळा हॉलिवूडचा. मध्यंतरात समोसा खायला गेलेला प्रेक्षक परत आणायचा कसा, हे आपलं आपणच बघायचं. मॅकी (१९९७) भारी, पण जाडजूड. लायोश एग्रीचं नाटकावरचं (१९४६) मला मनापासून आवडतं, कारण तो कथानकापेक्षा माणसाला वर ठेवतो. पण सगळी इंग्रजीच ना!

शेवटी ठरवलं, पहिले चार रविवार पुस्तकच नाही. 'श्वास' (२००४) थांबवत थांबवत बघायचा आणि प्रसंगांची यादी मराठीत वहीत उतरवायची. ऑपरेशनने नजर जाणार, हे नातवाला सांगायचं कसं, एवढ्यावर तो सिनेमा उभा आहे. आजोबा त्याला हॉस्पिटलबाहेर नेतात ते कितव्या मिनिटाला, हे मुलांनीच मोजायचं. मग एग्री, मी मराठीत तोंडी सांगेन तेवढाच.

काल तिला मेसेज टाकला : विहिरीची चार पानं घेऊन ये, पुस्तक नको. ब्लू टिक आलीये. उत्तर अजून नाही.