सँ-मालोच्या धक्क्यावर जुन्या नौकेचे नवे नशीब

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सँ-मालो हे तटबंदीचे गाव आहे. पॅरिसहून वेगवान रेल्वेने अडीच तासांच्या आसपास तिथे पोहोचता येते. करड्या ग्रॅनाइटच्या तटावरून चालत गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते. पण इथली खरी नवलाई भरती-ओहोटीची! उधाणाच्या दिवसांत पाणी बारा मीटरपर्यंत चढते-उतरते. ओहोटीला पर्यटक ग्राँ बे बेटावर लेखक शातोब्रियाँ यांची समाधी पाहायला पायी जातात, आणि वेळेत परतले नाहीत तर तिथेच अडकून पडतात.

जुन्या नौकांची खरेदी-विक्री या गावाला नवी नाही. एके काळी हे राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणाऱ्यांचे गाव होते. लुटून आणलेली जहाजे आणि माल रीतसर लिलावात विकला जाई. इथल्याच रोबेर सुर्कूफने १८०० साली आपल्या बंगालच्या उपसागरात इंग्रजांचे ‘केंट’ हे मोठे जहाज पकडले होते. तटावर त्याचा पुतळा आजही समुद्राकडे बोट दाखवीत उभा आहे.

आता इथल्या गोद्यांत शर्यतीच्या नौका येतात. १९७८ पासून दर चार वर्षांनी इथून कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूपपर्यंत ‘रूत द्यु रम’ ही एकट्याने करायची शर्यत निघते. पहिल्याच वर्षी कॅनडाचे माइक बर्च छोट्या नौकेतून तेवीस दिवसांचा प्रवास करून अवघ्या ९८ सेकंदांनी जिंकले.

टिचकी मारून पारख

शर्यतीतल्या अनेक नौका कॅटमरान जातीच्या असतात. हा शब्द मूळचा तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे. दोन निमुळत्या होड्या आडव्या तुळयांनी जोडायच्या आणि मध्ये उंच डोलकाठी उभारायची, अशी तिची रचना. वजन कमी, म्हणून वेग जास्त.

अशी नौका बहुधा एखाद्या कंपनीच्या पैशावर बांधली जाते आणि कंपनीचेच नाव मिरवते. करार संपला की ती विकायला निघते. गिऱ्हाईक मिळणे मात्र सोपे नसते. तिच्यात आरामाची सोय नाही. रुंदीमुळे धक्क्यावर ती दोन नौकांची जागा अडवते. एकदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली शिडे पुढच्या शर्यतीच्या कामाची उरत नाहीत. पारखी माणूस हलक्या हातोडीने अंगावर ठोकत जातो. आपण बाजारात मडके टिचकी मारून घेतो ना, तसेच! खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आतले थर सुटले आहेत असे समजावे. तुळया जिथे जोडल्या आहेत ते सांधे आणि डोलकाठी तो सर्वांत बारकाईने पाहतो.

लोखंडी जहाज निदान गुजरातेत अलंगला भंगारात जाते. केव्हलार आणि राळेची ही काया वितळवून पुन्हा वापरता येत नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही तर कोपऱ्यात पडून राहणे एवढेच तिच्या नशिबी असते.

नावे बदलली, नौका तीच

याच माइक बर्च यांच्यासाठी नायजेल आयरन्स यांनी आखलेली ऐंशी फुटी ‘फॉर्म्युल टॅग’ १९८३ मध्ये कॅनडात बांधली गेली. पुढच्याच वर्षी चोवीस तासांत पाचशे सागरी मैल ओलांडणारी ती पहिली शर्यतनौका ठरली. नव्वदीच्या दशकात ती ‘एन्झा न्यूझीलंड’ झाली. १९९४ मध्ये पीटर ब्लेक आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून ७४ दिवस २२ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून विक्रम केला. हे नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहेली’तून १९६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले खलाशी. तेव्हा त्यांना दहा महिने लागले होते!

विक्रम १९९७ मध्ये मोडला आणि नौका दुसऱ्या हाती गेली. १९९८ मध्ये ट्रेसी एडवर्ड्स आणि त्यांच्या महिला पथकाने तिच्यातून प्रयत्न केला, पण दक्षिण पॅसिफिकमध्ये डोलकाठी मोडली. नंतर टोनी बुलिमोर तिच्यातून शर्यतीत उतरले. तोवर तिच्याहून मोठ्या, वेगवान नौका आल्या होत्या.

तिला अखेरचे गिऱ्हाईक मिळाले ते सँ-मालोचे. इथले दर्यावर्दी व्हिक्टोरियाँ एरुसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. त्यांना वेग नको होता. हवे होते मजबूत, हलके अंग. डोलकाठी गेली, लांबी शंभर फूट झाली, पाठीवर सौरपत्रे चढली. समुद्राचे पाणी आधी गोडे करायचे, मग विजेने त्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायचा आणि ऊन नसेल तेव्हा त्यातून पुन्हा वीज मिळवायची, अशी यंत्रणा बसली. २०१७ मध्ये ती ‘एनर्जी ऑब्झर्व्हर’ नावाने पाण्यात उतरली आणि सात वर्षे जगभर हिंडून २०२४ मध्ये सँ-मालोला परतली.

गावाजवळच रांस नदीच्या मुखावर १९६६ पासून भरती-ओहोटीवर वीज तयार होते. समुद्राकडून वीज मागण्याची या किनाऱ्याला सवयच आहे. विक्रम कुणीतरी मोडणारच असतो. विकणाऱ्याने त्याची किंमत सांगावी. घेणाऱ्याने मात्र अंग शाबूत आहे का, एवढेच पाहावे. सँ-मालोकरांनी तेच पाहिले.