मागच्या सीटवरची जोखीम

पुण्याहून मोटरसायकलने गोव्याला जायचे तर कात्रज मागे टाकून सातारा, कराड, कोल्हापूर असा महामार्ग धरायचा, निपाणीला तो सोडायचा आणि उत्तूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरायचे. घाट आणि धुके यांसाठी हा रस्ता अनेकांना आवडतो. मला तो फाट्यांवर उभ्या असलेल्या माणसांसाठीही महत्त्वाचा वाटतो. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत कुणीच हात करत नाही असा फाटा क्वचित लागतो. पाठीला दप्तर अडकवलेली मुले, बाजाराची पाटी घेतलेल्या बायका, ड्युटी संपवून गावाकडे निघालेला हवालदार, दवाखान्यातून परतणारे म्हातारे. ‘दादा, पुढच्या फाट्यापर्यंत सोडा की,’ एवढेच त्यांचे मागणे असते. याच रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीस्वारांच्या घोळक्यात चहाच्या टपरीवर एक विनोदही हमखास कानावर पडतो: हात करणारी बाई मागे बसवलीस ना, आता रक्त तपासून घे. हा विनोद चावट आहे, एवढ्यावरून मी त्याच्याशी भांडणार नाही. तो धोक्याचा पत्ता चुकीचा देतो आणि त्याची किंमत रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला मोजावी लागते, ही माझी तक्रार आहे.

आधी ही माणसे हात का करतात ते पाहू. महामार्गावरून एसटीच्या गाड्या सतत धावतात, पण जलद गाड्या फाट्यावर थांबत नाहीत आणि फाट्यावरून आत गावात जाणाऱ्या फेऱ्या मोजक्याच असतात. एक फेरी चुकली की पुढची कित्येक तासांनी. वडाप असते, पण माणसे भरल्याशिवाय ते हलत नाही, आणि उन्हे कलल्यावर त्याचाही भरवसा नसतो. 2021च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा गावोगावच्या विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना ओळखीच्या-अनोळखी दुचाकींचाच आधार उरला होता. संप मिटला तरी आतल्या गावांची वाहतुकीची चणचण मिटलेली नाही. फाट्यावर हात करणारी आशा सेविका, शेतमजूर किंवा कॉलेजची मुलगी या चणचणीमुळे तिथे उभी असते. तिच्या उभे राहण्यात दुसरा अर्थ शोधणारा माणूस तो अर्थ स्वतःच्या मनातून आणत असतो.

महामार्गाची बाई आणि रोग ही जोडी लोकांच्या मनात कशी बसली, यालाही इतिहास आहे. भारतात एचआयव्हीची पहिली लागण 1986 साली चेन्नईत आढळली, ती वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ततपासणीत. पुढच्या दशकात प्रतिबंधाची मोहीम ट्रकचालक, ढाबे आणि वेश्यावस्त्या यांच्याकडे वळली. रोग कुठून पसरू शकतो हे ओळखून तिथे आधी पोहोचणे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होते. पण ढाब्यांच्या भिंतींवरचे इशारे वाचून लोकांनी निष्कर्ष मात्र वेगळा काढला. काय केल्याने लागण होते हे विसरले गेले, कोणामुळे होते एवढेच लक्षात राहिले. पेठ नाक्यावरून डावीकडे सांगलीचा रस्ता फुटतो. त्या सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था 1992 पासून काम करते आहे आणि तिच्याच कामातून 1996 साली वेश्यांची स्वतःची संघटना, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, उभी राहिली. निरोध वाटणे, तो वापरण्याचा आग्रह धरणे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे हे काम या बायकांनी स्वतः अंगावर घेतले. टपरीवरचा विनोद ज्यांना रोगाचे उगमस्थान ठरवतो, त्यांनीच या भागात रोग थोपवण्याचे काम आघाडीवर राहून केले आहे.

आता जोखीम मोजू. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि लागण झालेल्या आईकडून बाळाला, या वाटांनी एचआयव्ही पसरतो. घामाने, स्पर्शाने, पाठीला पाठ किंवा खांद्याला हात लागल्याने, एकच हेल्मेट दोघांनी आळीपाळीने घातल्याने तो पसरत नाही. देशातल्या प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे आणि 2010 च्या तुलनेत नव्या लागणी बऱ्याच घटल्या आहेत. उलट 2022 या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या 50,029 आणि त्यांपैकी 14,337 जण मागे बसलेले होते. मागच्या सीटवर खरोखर काही प्राणघातक असेल, तर ते उघडे डोके आहे. कायद्याने हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे, तरी फाट्यावर थांबणाऱ्या किती दुचाकीस्वारांकडे जादाचे हेल्मेट असते? विम्याचेही तसेच. फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर फुकट मागे बसवलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच दिला आहे. पॅकेज पॉलिसी आहे की नाही, हे लिफ्ट देणाऱ्याने जरूर पाहावे. या दोन गोष्टींवर टपरीवर कुणी विनोद करत नाही, कारण त्या सुचतच नाहीत. चुकीच्या भीतीने डोके भरले की खऱ्या भीतीला जागा उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की महामार्गावर उभ्या असलेल्या काही बायका खरोखरच धंदा करतात, मग सावधगिरीत गैर काय? असतील. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 1.56 टक्के आढळले, तर लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये 0.86 टक्के. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे जास्त आहे, ते लपवण्याचे कारण नाही. पण जो गट सर्वांत बदनाम, त्यातल्याही शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक बायकांना ही लागण नाही. शिवाय लिफ्ट देणे आणि संबंध ठेवणे या वेगळ्या कृती आहेत. पहिलीत लैंगिक रोगाचा धोका शून्य आहे. दुसरी करायची की नाही, निरोध वापरायचा की नाही, हे पुरुषही ठरवत असतो. देशात लागण झालेल्यांमध्ये सुमारे 44 टक्के स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या अनेकींना ती नवऱ्याकडून, स्वतःच्या घरात झालेली आहे. विनोदात रोग बाईकडून पुरुषाकडे येतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पुरुषाबरोबर घरी जातो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ज्या विषयावर आपल्याकडे घरात, शाळेत, मित्रांत सरळ बोलले जात नाही, तो निदान थट्टेच्या रूपाने तरी तोंडावर येतो. थट्टाही बंद केली तर उरेल फक्त मौन. यात तथ्य आहे. निरोधाबद्दल, परमा आणि गरमीबद्दल, तपासणीच्या धास्तीबद्दल मोकळेपणाने हसणारे मित्र एकमेकांना दवाखान्यापर्यंत नेऊ शकतात. पण त्यासाठी विनोदाचा रोख बोलणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याकडे हवा. अनोळखी बाईवर रोखलेला विनोद उलटे काम करतो. रोग म्हणजे ‘तसल्या’ बाईची खूण, असे एकदा ठरले की तपासणीला जाणारा माणूस स्वतःलाच ‘तसला’ ठरवण्याच्या धास्तीने थांबतो. लागण झालेल्या दर पाचांपैकी सुमारे एकाला ती झाल्याचे माहीतच नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, 2004 पासून उपचारही मोफत मिळतात, 1097 या क्रमांकावर माहिती मिळते. नियमित औषधाने रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले, तर संबंधातूनही लागण पुढे जात नाही. धोका घडून गेलाच असेल, तर 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करून लागण टाळता येऊ शकते. ही माहिती पोहोचवणारी थट्टा असेल तर ती जरूर व्हावी.

तिसरा आक्षेप लुटारूंचा. आजऱ्यापुढे रस्ता जंगलात शिरतो, आंबोलीच्या घाटात धुके असले की चार हातांपलीकडचे दिसत नाही. तिथे अनोळखी माणसासाठी थांबणे शहाणपणाचे नाही, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. नाही म्हणण्याचा हक्क दुचाकीस्वाराला आहेच. अंधार, एकटेपणा, सामानाचे ओझे, स्वतःचा थकवा, जादा हेल्मेट नसणे ही नाही म्हणण्याची योग्य कारणे आहेत. ती पुरुषाला आणि बाईला सारखीच लागू पडतात. आणि एकट्या बाईने अनोळखी पुरुषामागे बसण्यात पत्करलेला धोका तिला मागे बसवणाऱ्याच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी ओलांडून म्हापशात शिरले, की ही चर्चा थट्टेपुरती राहत नाही. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करत असे. त्या रक्तातून त्याची लागण उघड झाली आणि 1989 साली गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला पकडून म्हापशातल्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात 64 दिवस एकट्याला कोंडून ठेवले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो सुटला, पण माणसाला असे अलग ठेवण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली नाही. डॉमनिकने पुढे लागण झालेल्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि 1992 साली तो गेला. त्या काळी परिणामकारक औषधे नव्हती, भीती समजण्यासारखी होती, असे म्हणता येईल. पण विषाणू स्पर्शाने पसरत नाही हे तेव्हाही माहीत होते. जवळ बसलेल्या माणसातूनच धोका येतो हा समज टपरीवर विनोद होतो आणि कायद्यात शिरला की कुलूप होतो. असा भेदभाव देशभर बेकायदा ठरवणारा कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला, म्हणजे डॉमनिकच्या कैदेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

त्याच गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली घेऊन ‘पायलट’ स्टँडवर उभे असतात आणि बायका, पुरुष, परगावचे पाहुणे बिनदिक्कत त्यांच्या मागे बसतात. हे भाड्याचे काम आहे, लिफ्ट नव्हे, हा फरक मान्य. तरी अनोळखी माणसामागे बसण्याला परवान्याची आणि रोजच्या सवयीची जोड मिळाली की त्यात कुणाला वावगे वाटत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. फाट्यावरची लिफ्टही तशीच साधी व्हायला हवी. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने दुसरे हेल्मेट बरोबर घ्यावे, विम्याचा कागद वाचावा, जमेल तिथे थांबावे, जमणार नसेल तिथे हात हलवून पुढे जावे. स्वतःच्या वागण्यात जोखीम घडली असेल तर निमूट तपासणी करून घ्यावी. आणि टपरीवर तो विनोद निघाला, तर हसून सोडून न देता सरळ सांगावे, की मागे बसल्याने कुणाला काही होत नाही. त्या एका वाक्याने फाट्यावर उभ्या असलेल्या बाईची वाट थोडी लवकर संपेल, आणि ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला स्वतःची तपासणी करून घेण्याचे धैर्यही मिळेल.