सॉमरसेट हाऊसचे यजमान

तुरिनहून आलेल्या संत ॲनच्या भगिनींनी १८७१ साली सिकंदराबादेत कार्य आरंभिले. तेव्हापासून कॉन्व्हेंट हा शब्द तेथील मराठी घरांस परका राहिला नाही. मात्र मुलगी ज्या वास्तूत शिकते ती पूर्वी कोणाची होती, हे आपण सहसा विचारीत नाही. आम्हांस हा प्रश्न पडला तो मुंबईस, महालक्ष्मीच्या दर्शनास गेलो असता.

धाकजी दादाजींनी १८३१ साली बांधलेल्या त्या देवळाच्या रस्त्यावरच, थोड्या अंतरावर सोफिया महाविद्यालय आहे. सेक्रेड हार्ट संघाच्या जोगिणींनी ते १९४१ साली स्थापिले. ही जागा सॉमरसेट हाऊसची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे बद्रुद्दीन तैयबजी राहावयास आले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष. पण मराठी माणसाने त्यांना स्मरावे ते दुसऱ्याच कारणासाठी. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांना आधी नाकारलेला जामीन मुंबई उच्च न्यायालयात मंजूर केला तो न्यायमूर्ती तैयबजींनीच. केवढा दिलासा होता तो! टिळकांच्या गणेशोत्सवात आरती म्हणणाऱ्या आम्हां मंडळींना त्या न्यायाधीशाचे घर ठाऊक नसावे, हे आम्हांस बरे वाटले नाही.

त्या घरी आणखीही एक गोष्ट होती. तैयबजी कुळात 'अखबार' नावाच्या वह्या असत. घरातल्या वार्ता, सहली, पाहुणे, सारे त्यांत नोंदले जाई आणि बायकामुलीही लिहीत. पडद्याची चाल असलेल्या समाजात राहून बद्रुद्दीनांनी मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडपर्यंत धाडले. आमच्यांतील पुष्कळ वडीलधारे तेव्हा मुलीच्या हाती पाटी द्यावी की नाही, याचाच खल करीत होते. आणि पुढेही 'मुलगी बाटेल' या भयाने कॉन्व्हेंटचा उंबरा वर्ज्य मानणारी घरे थोडी नव्हती. तेव्हा त्या जागी मुलींच्या विद्येचा श्रीगणेशा जोगिणींनी केला, असे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी ती सर्वांच्या मुलींसाठी खुली केली, हे मात्र खरे.

मधल्या काळात इंदूरचे होळकर आणि भावनगरचे महाराज यांच्याकडे ही मालमत्ता होती. मराठी म्हणून होळकरांचे कौतुक वाटायला हवे. पण राजेरजवाड्यांचे मुंबईत बंगले पुष्कळ होते, त्या वह्यांसारख्या वह्या किती घरांत होत्या?

उर्दू लिपीमुळे त्या आम्हांस वाचता येत नाहीत. कोणी त्यांतले निवडक मराठीत आणले, तर ते प्रथम सोफियाच्या विद्यार्थिनींच्या हाती पडावे.