शब्दांची मैदानातली जागा

वृत्तपत्राच्या क्रीडापानावर काम करणाऱ्याला फुटबॉल दोनदा समजावा लागतो. एकदा वृत्तसंस्थेच्या इंग्रजीत आणि मग वाचकाच्या मराठीत. क्रिकेटचं तसं नाही. गुगली, यॉर्कर, स्लिप हे शब्द आपल्या घराघरांत इतके मुरलेत की त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही. फुटबॉल मात्र कोल्हापूर, मुंबईतले काही भाग आणि शेजारचा गोवा सोडला, तर बहुतेक मराठी घरांत टीव्हीवरून आला, आणि तोही इंग्रजी समालोचनासकट. त्यामुळे सामना कळावा म्हणून इंग्रजीशी झटापट करणारी आणि इंग्रजी सुधारावं म्हणून सामने ऐकणारी, अशी दोन्ही प्रकारची मुलं मला भेटतात. दोघांची मागणी एकच असते: "सर, फुटबॉलच्या शब्दांची एक यादी द्या ना."

यादी द्यायला काहीच हरकत नाही. पण ती पाठ करूनही सामना सुरू झाला की शब्द हातातून निसटतात. फुटबॉलच्या शब्दाला शब्दकोशातला अर्थ पुरत नाही. तो मैदानावर कुठे उभा आहे, घड्याळात किती वाजलेत आणि त्या वेळी नियम काय सांगतो, हे दिसलं तरच तो कळतो. मराठी बातमी लिहिताना मला रोज हेच तपासावं लागतं.

जागेपासून सुरुवात करू. गोलचौकट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. हे आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ माप 8 यार्ड आणि 8 फूट आहे. इंग्रज समालोचक अजूनही यार्डांतच बोलतो. 'सिक्स यार्ड बॉक्स' म्हणजे गोलसमोरचा लहान चौकोन आणि 'एटीन यार्ड बॉक्स' म्हणजे पेनल्टी क्षेत्र. नुसतं 'बॉक्स' म्हटलं की हा मोठा चौकोन समजायचा. आपल्याकडे खेळाडू त्यालाच सर्रास 'डी' म्हणतात, बहुधा हॉकीच्या सवयीने. प्रत्यक्षात डी म्हणजे त्या चौकोनाबाहेरचा अर्धगोल. पेनल्टी मारली जाताना बाकीच्यांनी चेंडूपासून 9.15 मीटर दूर राहावं, एवढ्यासाठीच तो आखलेला असतो. म्हणून इंग्रजी बातमीत 'एज ऑफ द डी' वाचलं, की फटका पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून बसलाय हे ध्यानात घ्यावं लागतं. तिथे 'डीच्या आतून' असं लिहून मोकळं झालं, तर वाचकासमोर भलताच गोल उभा राहतो.

'निअर पोस्ट' आणि 'फार पोस्ट' हेही असेच जागेवर अवलंबून असलेले शब्द. जवळचा खांब कोणता, हे चेंडू कुठे आहे त्यावर ठरतं. चेंडू उजव्या बगलेवरून डाव्या बगलेवर गेला की मघाचा दूरचा खांब जवळचा होतो. हे शब्द पाठ करून भागत नाही, चेंडूबरोबर नजर फिरवावी लागते.

इंग्रजी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतात ती शब्दयोगी अव्ययं. इन, ऑफ, ओव्हर, अक्रॉस. व्याकरणाच्या पुस्तकात ती कोरडी वाटतात. मैदानावर त्यांच्यावर निकाल ठरतो. चेंडू 'ऑफ द पोस्ट' आला म्हणजे खांबाला लागून परतला. 'इन ऑफ द पोस्ट' म्हणजे खांबाला लागून जाळ्यात गेला. एका 'इन'ने गोल होतो. 'ओव्हर द बार' म्हणजे आडव्या दांडीवरून बाहेर, 'अंडर द बार' म्हणजे दांडीखालून आत. एका सामन्यात अशी डझनभर वाक्यं कानावर पडतात आणि प्रत्येकाचं चित्र त्याच क्षणी पडद्यावर असतं. ही सोय कुठल्याही वर्गात मिळत नाही.

वेळेच्या शब्दांवर मी जास्त थांबतो, कारण मराठी बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. 'अ‍ॅडेड टाइम' किंवा 'स्टॉपेज टाइम' म्हणजे दुखापती, बदली खेळाडू, वेळकाढूपणा यांत गेलेल्या वेळेची भरपाई. ती प्रत्येक अर्धाच्या शेवटी मिळते. 'एक्स्ट्रा टाइम' वेगळा. बाद फेरीत बरोबरी सुटली नाही तर खेळवली जाणारी 15-15 मिनिटांची दोन सत्रं म्हणजे एक्स्ट्रा टाइम. आपल्याकडे दोन्हींना 'जादा वेळ' म्हणायची सवय आहे. मी पहिल्याला 'भरपाई वेळ' आणि दुसऱ्याला 'जादा वेळ' लिहितो आणि त्याबाबत हट्ट सोडत नाही.

हट्टाला कारण आहे. 1999 मध्ये बार्सिलोनात झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेड 90 मिनिटं संपेपर्यंत बायर्न म्युनिकविरुद्ध 0-1 असा मागे होता. शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी भरपाई वेळेत दोन गोल केले आणि चषक नेला. त्या रात्री जादा वेळ खेळलाच गेला नाही. उलट 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोट्झेने 113 व्या मिनिटाला जर्मनीसाठी केलेला गोल जादा वेळेतला. पहिल्या सामन्याबद्दल 'जादा वेळेत विजय' असं छापलं तर त्या रात्रीचा सगळा थरारच हरवतो.

2022 चा विश्वचषक अंतिम सामना तर या बाबतीत पाठ्यपुस्तकच आहे. अर्जेंटिना आणि फ्रान्स जादा वेळेनंतर 3-3 बरोबरीत होते. फ्रान्सचे तिन्ही गोल एम्बापेचे, त्यातले दोन पेनल्टीवर. मग शूटआउटमध्ये त्याने आणखी एक पेनल्टी जाळ्यात मारली. म्हणजे एका रात्रीत तीन पेनल्टी यशस्वी, पण नावावर गोल तीनच, कारण शूटआउटमधला चेंडू गोल म्हणून नोंदला जात नाही. इंग्रजी बातमी 'स्कोअर्ड' आणि 'कन्व्हर्टेड' हे शब्द कुठे वापरते ते अशा वेळी बारकाईने वाचावं. अर्जेंटिना 4-2 ने जिंकला तो शूटआउटमध्ये. सामन्याची नोंद मात्र 3-3 अशीच राहते.

वेळेशीच जोडलेला आणखी एक चकवा म्हणजे 'टाय'. अमेरिकन इंग्रजीत टाय म्हणजे बरोबरी. ब्रिटिश फुटबॉलमध्ये टाय म्हणजे बाद फेरीतली लढत, मग ती एका सामन्याची असो वा घरच्या-बाहेरच्या मैदानावरच्या दोन सामन्यांची. त्या दोन सामन्यांना 'लेग' म्हणतात आणि दोन्हींची बेरीज म्हणजे 'अ‍ॅग्रिगेट'. 2019 मध्ये लिव्हरपूल पहिल्या लेगमध्ये बार्सिलोनाकडून 0-3 ने हरला, मग अ‍ॅनफिल्डवर 4-0 ने जिंकला आणि टाय एकूण 4-3 अशी खिशात घातली. 'लिव्हरपूल वन द टाय' या वाक्यात बरोबरीचा मागमूसही नाही. अटलांटिकच्या दोन बाजूंची इंग्रजी वेगळी असल्याने असे फरक अनेक आहेत: तिकडे फील्ड, इकडे पिच, तिकडे क्लीट्स, इकडे बूट्स, तिकडे झिरो, इकडे निल. ब्रिटिश बातमी क्लबला अनेकवचनात घेते, 'आर्सेनल आर' असं लिहिते. शाळेत तांबडी शाई मिळालेल्या मुलाला हे वाचून दिलासा मिळतो. आणि अमेरिकन म्हणून हिणवला जाणारा 'सॉकर' हा शब्द मुळात इंग्लंडचाच. 1863 मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी 'असोसिएशन'मधलं 'सॉक' उचलून हे लाडकं नाव तयार केलं.

माझ्या सगळ्यात आवडीचा शब्द 'सेंटर हाफ'. समालोचक हा शब्द बचावफळीच्या मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला वापरतो. मग 'हाफ' कसला? जुन्या रचनेत दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पाच आघाडीवीर असत. सेंटर हाफ त्या मधल्या तिघांतला मधला, मैदानाच्या ऐन मध्यावरचा. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आधीच्या हंगामात 1,192 गोल झाले होते, नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात 1,703 झाले. आर्सेनलने न्यूकॅसलकडून 0-7 असा मार खाल्ला. त्यानंतर त्यांचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभं केलं. इतर संघांनी कित्ता गिरवला. खेळाडू मागे गेला, नाव मात्र जुनंच राहिलं. इंग्लिश लीगने 1939 मध्ये पाठीवरचे क्रमांक सक्तीचे केले तेही त्या जुन्या रचनेच्या क्रमाने, म्हणून सेंटर हाफचा क्रमांक 5. आज 'नंबर नाइन' म्हणजे हमखास मुख्य आघाडीवीर, ते याच हिशेबाने. 'फॉल्स नाइन' कळायचा असेल तर आधी खरा नाइन कुठे उभा राहायचा ते माहीत हवं.

काही शब्दांत माणसं बसलेली असतात. 1976 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बेलग्रेडला चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पानेंकाने शेवटची पेनल्टी हळूच, गोलच्या मधोमध उचलून मारली. जर्मन गोलरक्षक सेप मायर आधीच एका बाजूला झेपावला होता. तेव्हापासून तशा पेनल्टीला पानेंकाच म्हणतात. तिथे भाषांतराचा प्रश्नच येत नाही.

इतरत्र काय मराठीत आणायचं, याचा माझा नियम साधा आहे. नियमपुस्तकातलं नाव तसंच ठेवायचं: कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाइड, फ्री किक. खेळाडूची कृती मात्र मराठीत सांगायची. तो मुसंडी मारतो, हुलकावणी देतो, चाल रचतो, प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढतो. संघ गोल चढवतो किंवा गोल खातो. 'अगेन्स्ट द रन ऑफ प्ले' म्हणजे खेळाच्या ओघाविरुद्ध झालेला गोल. सतत दबाव एका संघाचा आणि गोल मात्र दुसऱ्याचा. मूळ शब्द आणि मराठी क्रियापद एकत्र नांदू शकतात, हे कोल्हापूरने कधीच दाखवून दिलंय. तिथले संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशा नावांनी खेळतात. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत 'कॉर्नर' म्हणून ओरडणाऱ्या माणसाला आपण इंग्रजी बोलतोय असं वाटतही नाही.

तेव्हा यादी मागणाऱ्यांना माझं सांगणं असं. सामना बघताना दहा मिनिटं चेंडूवरची नजर काढा आणि एका बचावपटूवर ठेवा. ऑफसाइड, लाइन, मार्किंग हे शब्द समजावून सांगायची गरज उरणार नाही. सामना संपला की त्याच सामन्याची इंग्रजी बातमी वाचा. जे डोळ्यांनी पाहिलंय त्याचे शब्द लगेच चिकटतात. आणि खेळाचे नियम मुळातून वाचा. 1886 पासून नियम ठरवणारं इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ते सगळे 17 नियम इंग्रजीत फुकट उपलब्ध करून देतं. त्यांची भाषा सरळ आहे आणि नेमकी आहे. ज्याने ऑफसाइडचा अकरावा नियम मूळ इंग्रजीत वाचून समोरच्याला मराठीत समजावून दिला, त्याला फुटबॉलही आला आणि इंग्रजीही.