दोन हजारांच्या खाली

शिरूरच्या मिस्त्रींना टर्बोची शिट्टी ऐकू येईनाशी झालीय, हे त्यांच्याआधी त्यांच्या हाताखालच्या पोराला कळलं. पोरगा दौंडचा, बावीस वर्षांचा. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघं एक जुनी स्विफ्ट डिझेल घेऊन फिरत होते. पोरगा स्टिअरिंगवर, मिस्त्रींच्या मांडीवर लॅपटॉप, पुढे उसाची ट्रॉली. ओव्हरटेकसाठी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरशात काळा धूर दिसायचा आणि मिस्त्री मॅपमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या तक्त्यातला, डिझेलचा आकडा थोडा खाली आणायचे. आठवडाभर हेच चाललं होतं. त्या दिवशी पोरगा म्हणाला, "मामा, शिट्टी फाटतीय. हवा सुटतीय कुठंतरी."

मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नव्हतं.

गॅरेजवर येऊन बॉनेट उघडलं. टर्बोच्या रबरी पाइपला, क्लिपच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. हाताने दाबली तर मिटलेली, भोवती तेलकट धूळ चिकटलेली. गाडी उभी असताना ती दिसणारच नाही. आत हवेचा दाब आला की तोंड उघडते. सेन्सर पाइपाच्या आधी बसलेला, त्यामुळे तो हवा मोजून मोकळा होतो आणि इंजिनाच्या संगणकाला, ईसीएमला, वाटतं की सगळी हवा सिलिंडरात गेली. डिझेल त्या हिशेबाने पडतं, हवा मात्र वाटेतच गळालेली. धूर होणारच. मिस्त्री आठवडाभर लॅपटॉपवर ती चीर झाकत होते.

मुळात हे इंजिन त्यांना परकं नाही. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. शिरूरपासून वीसेक किलोमीटरवर, रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात ते बनायचं. लिनिया, पुंटो, इंडिका व्हिस्टा, मांझा, सगळ्यांत तेच. मारुतीला स्वतःची डिझेल इंजिनं पुरेनाशी झाली तेव्हा २०१२च्या सुरुवातीला तिनेही वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं फियाटकडून घेण्याचा करार केला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि हे इंजिन बंद पडलं. पण तालुक्यातल्या रस्त्यांवर ते अजून धावतंय, आणि मिस्त्रींकडे येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सहा-सात गाड्या त्याच इंजिनाच्या असतात.

येणाऱ्याचं म्हणणंही ठरलेलं. स्विफ्टमध्ये हे इंजिन ७५ पीएस देतं, एसएक्स-४ मध्ये ९०. इंजिन एकच, मग पंधरा पीएस लॅपटॉपवरून का मिळू नयेत? पोरं हे विसरतात, की नव्वदवाल्याला बदलत्या पात्यांचा टर्बो आहे आणि पंच्याहत्तरवाल्याचा साधा, ठरावीक. म्हणून खरी अडचण शेंड्याला नाही, बुडाला आहे: दोन हजार आरपीएमच्या खाली. तिथे टर्बो अजून जागा झालेला नसतो. ट्रॉलीमागे गाडी तिसऱ्यात सोळाशेवर आलेली असते, पाय दाबला तरी क्षणभर काहीच घडत नाही, आणि समोरून एसटी येत असते.

तो खड्डा बुजवायचा, या एकाच गोष्टीमागे मिस्त्रींची बारा वर्षं गेली. बूस्ट नसताना या इंजिनाच्या एका सिलिंडरात एका वेळेला, डिसेंबरातल्या पहाटे, सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास हवा जाते. काळा धूर नको असेल तर डिझेलच्या सतरा-अठरापट हवा हवी. म्हणजे अठरा मिलिग्रॅम डिझेल ही हद्द. मॅपच्या त्या घरात एकोणीस लिहिलं की गाडी किंचित लवकर उठते. वीस लिहिलं की आणखी लवकर, पण मागे काळं टाकते. आणि मे महिन्यात, दौंडला पारा बेचाळीसवर गेला की हवाच विरळ होते, सव्वातीनशेचे तीनशेच्या आत येतात. डिसेंबरात स्वच्छ पळणारी मॅपची फाइल उन्हाळ्यात धूर ओकते. मिस्त्रींनी ते एक घर साडेअठरा, एकोणीस, पावणेएकोणीस असं किती वेळा लिहिलं आणि खोडलं याला गणती नाही. रात्री जेवताना ताटासमोर बसूनही ते त्याच आकड्यात असायचे.

ते आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी तो धूर मुद्दाम ठेवला. गाडीने काळा लोट सोडला की कट्ट्यावरची पोरं आरडाओरडा करायची, आणि "ही शिरूरच्या मिस्त्रींची गाडी" असं कोणी म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. अ‍ॅव्हरेज वाढेल असंही ते छातीठोकपणे सांगायचे. ते खोटं होतं. अ‍ॅव्हरेज वाढलं असेल तर गिऱ्हाईक लवकर गिअर टाकायला लागला म्हणून. एका गाडीचा क्लच दोन महिन्यांत घसरायला लागला, तेव्हा दोष त्यांनी गिऱ्हाइकाच्या पायाला दिला होता. दोष त्यांनी वाढवलेल्या टॉर्कचा होता.

आजकालच्या धंद्याबद्दल त्यांचं मत कडक आहे. गाडीची मूळ फाइल मेलवर पाठवायची, कुठल्या तरी थंड देशातून तयार फाइल मागवायची आणि गाडी न चालवता तीच मारायची, याला ते काम म्हणत नाहीत. बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून देणाऱ्यांना तर ते दारात उभं करत नाहीत. मॅप ही कंपनीने घेतलेली शपथ आहे, असं त्यांना वाटतं. गाडी ज्या चाचणीवर पास झाली, ती त्या आकड्यांवर. कंपन्याही शपथ मोडतात. फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं, हे २०१५ मध्ये जगाला कळलं. भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला. पण म्हणून गॅरेजवाल्याला मोकळीक मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मंजूर नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आहे, सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. हे ते आता गिऱ्हाइकाला आधी सांगतात. बरेच जण तिथूनच परत फिरतात.

मग रीमॅप करावं का? गाडी वॉरंटीबाहेरची असेल, क्लच चांगला असेल, पाइप-फिल्टर धड असतील, कायद्याची जोखीम कळत असेल आणि मालकाला फक्त तो दोन हजारांखालचा खड्डा जाचत असेल, तर थोडंसं करावं, असं ते म्हणतात. पंधरा पीएससाठी करू नये. अ‍ॅव्हरेजसाठी तर मुळीच नाही. आणि "गाडी पूर्वीसारखी ओढत नाही" म्हणून जो येतो, त्याच्या गाडीला मॅपचं काही झालेलं नसतं. मॅप झिजत नाही. झिजतं ते रबर.

त्या स्विफ्टला नवा पाइप बसवला, दोन क्लिपा बदलल्या आणि कंपनीची मूळ फाइल परत टाकली. ट्रॉलीमागून गाडी सरळ उठली. रीमॅपचे घेतलेले पैसे मिस्त्रींनी मालकाला परत दिले आणि कारणही सांगितलं. आता कुठलीही गाडी आली की पोरगा आधी काच खाली करून न्हावऱ्याच्या रस्त्याला दोन फेऱ्या मारतो, आणि तो हो म्हणेपर्यंत मिस्त्री लॅपटॉप उघडत नाहीत.