मोर आणि नोटीस

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर ‘पाऊस’ असं लिहिलं आणि वीस मिनिटं दिली. सहावी-सातवीची मिळून बावीस मुलं होती. जमा झालेल्या बावीस कागदांपैकी नऊ कागदांवर मोर नाचत होता, अकरा कागदांवर धरतीने हिरवा शालू नेसला होता आणि एकाने चातकही आणला होता. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. वर्गाच्या कोपऱ्यात गळतीखाली बादली ठेवलेली होती आणि तिची टपटप आम्ही सगळे ऐकत होतो. बादली मात्र कुणाच्याच कवितेत नव्हती.

“मोर कुणी पाहिलाय?” मी विचारलं. एकाने राणीच्या बागेत, पिंजऱ्यात. दुसऱ्याने यूट्यूबवर.

मला खरं तर कॉम्प्युटर शिकवायला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी वीज गेली, कविता त्यातून सुरू झाली आणि वीज आल्यावरही तशीच राहिली. शाळा घाटकोपर पश्चिमेची, मराठी माध्यमाची. बहुतेक मुलं असल्फ्याच्या डोंगरावर राहणारी. अंधेरीहून मेट्रोने येताना हा डोंगर खिडकीतून दिसतो. २०१८ च्या सुमारास त्यावरची बरीच घरं रंगीबेरंगी रंगवली गेली, तेव्हापासून प्रवासी मोबाइल काढून त्याचे फोटो घेतात. मीही घेतला होता. तो मुलांना दाखवला, तर एक मुलगा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, “आमचं घर ह्याच्या मागच्या अंगाला आहे. तिथे रंग नाही.”

शिकवायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. शोधताना केनेथ कोक या अमेरिकन कवीचं पुस्तक सापडलं. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेत प्राथमिकच्या मुलांना कविता लिहायला लावण्याचे त्याचे प्रयोग त्यात आहेत, १९७० सालचं पुस्तक. त्याची युक्ती साधी आहे: यमक सोडा, प्रत्येक ओळ एकाच शब्दांनी सुरू करा. ‘मला हवंय’ने सुरू करायला सांगितलं, तर आमच्या वर्गात सायकल, आयफोन आणि दुबई आली. यादीच झाली ती, किराण्याची असते तशी. मग त्याचीच दुसरी युक्ती वापरली: प्रत्येक ओळीत खोटं बोला. मोठा माणूस खोटं बोलायला सांगतोय यावर पाच मिनिटं विश्वासच बसेना, आणि मग पेन्सिली सुटल्या. “माझ्या आजीच्या पिशवीत लोकल आहे, ती फक्त बाजाराच्या दिवशी बाहेर काढते.” “मी गणपतीला सोंड धरून पोहायला शिकवलं.” आणि एका शांत मुलाची ओळ: “आमच्या नळाला दिवसभर पाणी असतं.” या ओळीवर वर्ग सगळ्यात जोरात हसला. खोटं सांगताना त्याने किती खरं सांगून टाकलं, हे बाकीच्यांना माझ्याआधी कळलं होतं.

यमकाचं भांडण मात्र महिनाभर चाललं. “दादा, यमक नाही तर ती कविता कशी? तो निबंध झाला.” मी त्यांना नारायण सुर्वे सांगितले. रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगाराने वाढवलेलं. मुंबईत महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. आणि १९६६ चा ‘माझे विद्यापीठ’. शिपाई कवी होतो यावर मुलं खूश झाली, पण यमकावर हटली नाहीत. मला वाटतं त्यांचं थोडं बरोबरही होतं. यमक म्हणजे त्यांच्यासाठी कविता संपल्याची खात्री होती, बाटलीच्या बुचासारखी.

मग मी आज्यांकडे वळलो. घरी कुणाला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर फोनवर रेकॉर्ड करून आणा, म्हटलं. चौघांनी आणल्या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “आजी चुकीचं बोलते, तेपण तसंच लिहून घेतलं?” मी म्हटलं, हो, तसंच. बहिणाबाईंचंही सांगितलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गायच्या, घरातलं कुणी उतरवून घ्यायचं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते, शिकलेले होते. आईची खानदेशी बोली ‘शुद्ध’ करून छापायचा मोह त्यांनी धरला असता, तर आपल्या हाती काय उरलं असतं? हे मी फार ठासून सांगितलं. दोनच आठवड्यांनी मी तेच केलं.

प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने पुन्हा पावसावर लिहिलं होतं. मागच्या बाकावरून कागद आला, चार घड्या घातलेला.

“जून आला की एक माणूस येतो
दारावर कागद चिकटवतो
आई म्हणते कागद जाड आहे
आणि तांदळाच्या डब्याच्या तळाला घालते
ओल लागत नाही
रात्री पाऊस वाजला की
पप्पा जागेच असतेत”

त्या कागदावर काय असतं, ते डोंगरावर सगळ्यांना माहीत आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या डोंगरउतारावर दरड कोसळून साठांहून अधिक माणसं गेली. मुंबईत अशा उतारांवर राहणाऱ्यांना पावसाळ्याआधी घरं रिकामी करा म्हणून नोटिसा येतात. जायचं कुठे, हे विचारायला मुलं लहान आहेत आणि सांगायला मी.

मी ती कविता घरी नेली, कॉम्प्युटरवर टाइप केली, छापून आणली. तिने वाचली आणि परत दिली.

“हे मी नाही लिहिलं.”

“तुझंच आहे.”

“शेवटचं नाही.”

टाइप करता करता मी ‘असतात’ केलं होतं. विचार करून नाही, बोटांच्या सवयीने. ऑफिसात दुसऱ्याचा कोड दिसला की हात आपोआप दुरुस्तीला जातो, तसा. “माझे पप्पा असतेत,” ती म्हणाली. तिचं घर मूळचं बीडकडचं. ‘असतात’ म्हणणारे पप्पा दुसऱ्या कुणाचे तरी होते, आणि त्यांना रात्री झोप लागत असावी.

मी दुरुस्त केलं. फेब्रुवारी आला. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ तारखेला, मराठी भाषा गौरव दिनाला मुलांच्या कविता भिंतीवरच्या फलकावर लावायच्या ठरल्या. तिची मी मधोमध लावायला घेतली. ती फलकाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “दादा, ही नको.”

मला वाटलं, लाजतेय. समजावू लागलो, ही सगळ्यांत चांगली आहे वगैरे. तिने मला बोलू दिलं.

“पाहुणे म्हणून वॉर्ड ऑफिसातले साहेब येणारेत. ते वाचतील ना, की आई कागद डब्यात घालते.”

खरं लिहा, घरातलं लिहा, असं मी सात महिने सांगत आलो होतो. त्या खऱ्याची किंमत कोण मोजणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझं घर चौथ्या मजल्यावर आहे, सोसायटीच्या कागदपत्रांसकट. मी टाचण्या काढल्या. तिने तिथेच बसून दहा मिनिटांत दुसरी लिहिली.

२७ तारखेला फलकावर मोर होता, धरतीने हिरवा शालू नेसला होता, यमक चोख होतं. पाहुण्यांनी नेमकी तीच कविता मोठ्याने वाचली. टाळ्या झाल्या. ती मागच्या रांगेत उभी होती. माझ्याकडे बघून तिने एकदाच भुवया उडवल्या. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की मोर म्हणजे पाठ्यपुस्तकाने मुलांच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी. त्यामागे लपताही येतं, हे तिने दाखवलं.

नोटिशीची कविता तिच्या वहीत आहे, शेवटून तिसऱ्या पानावर. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी तिला विचारलं, यंदा कागद आला का?

“आला,” ती म्हणाली. “पण पातळ आहे. डब्याला नाही चालणार.”