लेकीच्या गणवेशावरचं हेल्मेट

पनामा सिटी म्हटलं की मला मध्य अमेरिकेतला कालवाच आठवायचा. आमची लेक जिथे शिकली ती पनामा सिटी मात्र फ्लोरिडात, मेक्सिकोच्या आखाताच्या काठाला. अमेरिकी नौदलाची पाणबुड्यांची शाळा १९८० मध्ये वॉशिंग्टनहून इथे आली. लष्कर, मरीन, कोस्ट गार्ड, सगळ्यांचे पाणबुडे इथेच तयार होतात. अभ्यासक्रम पुरा झाला त्या दिवशी आम्हा दोघांना पुढे बोलावलं आणि लेकीने पाणबुड्याचा बिल्ला माझ्या हातात ठेवला. "आई, तूच लाव."

रुपेरी, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यावर ना नांगर ना लाटा, फक्त एक गोल हेल्मेट. समोर जाळी बसवलेली खिडकी, दोन्ही बाजूंना तशाच खिडक्या, खाली खांद्यावर बसणारा रुंद पत्रा. अधिकाऱ्यांचा बिल्ला सोनेरी असतो, बाकीच्यांचा रुपेरी. लेक सेकंड क्लास डायव्हर, म्हणून तिच्या बिल्ल्यावर नुसतं हेल्मेट. वरच्या पायरीवर हेल्मेटच्या दोन बाजूंना जलचर येतात आणि मास्टर डायव्हरच्या बिल्ल्यावर त्रिशूळही येतात.

हे हेल्मेट म्हणजे मार्क फाइव्ह. तांब्यापितळेचं, १९१६ मध्ये नौदलात आलेलं, १९८४ पर्यंत टिकलेलं. शिशाचा पट्टा आणि जड बूट धरून सगळा पोशाख साधारण ८५ किलोंचा. लेक आता घालते ते हेल्मेट फायबरग्लासचं. मार्क फाइव्ह घालून ती कधी पाण्यात उतरलेली नाही. तरी बिल्ल्यावर तेच ठेवलंय, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. १९३९ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ 'स्क्वालस' ही पाणबुडी ७० मीटरपेक्षा खोल जाऊन बसली. त्या वेळी हेच हेल्मेट घातलेला पाणबुड्या तळाशी गेला, त्याने तिला तारेची दोरी जोडली, त्या दोरीवरून माणसांना आत घेणारी सुटकेची कोठी खाली गेली आणि ३३ माणसं जिवंत वर आली. १९७५ मध्ये डोना टोबायस ही तरुणी नौदलाच्या खोल समुद्रातल्या डायव्हिंगच्या स्कूलमधून उत्तीर्ण झालेली पहिली स्त्री ठरली. अंगावरचा पोशाख तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जड होता. माझ्या मुलीला ही वाट मोकळी झाली ती अशा बायकांमुळे.

लेकीने हे क्षेत्र निवडलं तेव्हा मी कडाडून विरोध केला होता. माझं माहेर महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पडला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पहिल्या एसटीचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त दिवस गेले. तो भारतीय नौदलाच्या पाणबुड्यांनीच शोधला. भावाचा रोज फोन यायचा. नदी दुथडी भरून, पाणी चहासारखं, त्यात मगरी, आणि ही मुलं हाताने चाचपत खाली जातायत. ते ऐकून माझ्या मनात एकच चित्र पक्कं बसलं होतं: आत गेलेला माणूस आणि ज्यात त्याला काहीच दिसत नाही असं पाणी. माझ्या पोटच्या पोरीने तिथे का जावं?

उत्तर तिनेच दिलं, रजेवर घरी आली तेव्हा. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून अंधाऱ्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. "आई, तू वरची, मी खालची. हिसके मोज." एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. चार म्हणजे वर घ्या. दोन-दोन-दोन म्हणजे अडकलेय, दुसरा पाणबुड्या पाठवा. तीन-तीन-तीन म्हणजे अडकलेय, पण माझी मी सुटेन. चार-चार-चार म्हणजे ताबडतोब वर ओढा. खऱ्या कामात हेल्मेटमध्ये फोन असतो. तो बंद पडला की ही दोरी. मी दाराबाहेर बसून मोजत होते आणि आतून तीन-तीन-तीन आलं. माझे हात थरथरले, पण दोरी मी ओढली नाही. वरच्याचं कामही शिकावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिने शाळेतल्या तलावाचं सांगितलं. प्रशिक्षक पाण्याखाली येऊन मुद्दाम हवा बंद करतात, नळीला गाठी मारतात, मास्क ओढून काढतात. विद्यार्थ्याने घाबरून वर धाव घ्यायची नाही. ठरलेल्या क्रमाने एकेक गोष्ट सोडवत हवा परत मिळवायची. बरेच धडधाकट, पट्टीचे पोहणारे इथेच गळतात. त्या रुपेरी हेल्मेटाचा अर्थ मला तेव्हा लागला. पदक घडून गेलेल्या शौर्यासाठी देतात. हा बिल्ला सांगतो की हवा तुटली तरी या माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं.

कार्ल ब्रॅशिअर यांच्यावरचा 'मेन ऑफ ऑनर' सिनेमा आम्ही घरी एकत्र पाहिला. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ समुद्रात पडलेला अणुबॉम्ब काढताना त्यांच्या पायाला जबर मार लागला, पुढे तो गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय लावून १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा पात्रता सिद्ध केली आणि १९७० मध्ये ते मास्टर डायव्हर झाले, त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. स्त्रियांमध्ये हा मान १९९० मध्ये मेरी बॉनिन यांना मिळाला. लेकीच्या खोलीत दोघांचेही फोटो आहेत.

बिल्ला एकदा मिळाला म्हणून विषय संपत नाही. ठरावीक मुदतीत पाण्यात उतरून पात्रता टिकवावी लागते. आमच्यासारखे आईबाप हा लेख वाचत असतील तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मूल असं काही करायचं म्हणालं की लगेच 'नाही' म्हणू नका. श्वास अडकला तर काय करायचं हे तिथे कसं शिकवतात, ते आधी त्याच्याकडून नीट समजून घ्या, आणि दोरीचं दुसरं टोक धरायला स्वतःही शिका.